काय करायचं सोडलंत?

(सोलापूर येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या डॉक्टरांनी सारी हयात या शहरात साधी जनरल प्रॅक्टिस केली. त्यांच्या दवाखान्यात यंत्रं फारशी नव्हती, पण रुग्णासाठी टेबलाशेजारी एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर बसलेल्याला बोलायला वेळ मिळत असे. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम त्या खुर्चीचा घेतला आहे. दम लागतो म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टरांनी काय विचारावं, आणि त्याने काय सांगावं?

हा विषय वर्गातला आहे, जाहीर सभेत कशाला, असं काहींना वाटेल. ज्याला आम्ही हिस्टरी म्हणतो ती हकिगत एकटा डॉक्टर घेत नसतो. सांगणारा आणि ऐकणारा मिळून ती तयार करतात, आणि सांगणारे तुम्ही आहात. सोलापूरला तर या विषयाचा जास्तच हक्क आहे. गिरण्यांच्या, मागांच्या, विड्यांच्या या गावात कामानेच अनेकांचा श्वास ठरवला. हवा शुद्ध करण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची नावं घालावी लागली, त्यांतही सोलापूर आहे.

आधी एक जुना अभ्यास सांगतो. १९७५ साली हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या रुग्णांचं निदान नेमकं कुठल्या टप्प्यावर झालं, हे त्यांनी पाहिलं. त्यांपैकी ६६ जणांचं निदान पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाचं ऐकूनच झालेलं होतं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं. अंग तपासल्यावर मत बदललं ते ७ जणांबाबत, प्रयोगशाळेच्या तपासण्यांनी बदललं ते आणखी ७ जणांबाबत. त्यानंतर इको आला, सीटी स्कॅन आला, आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले. पण दम लागणाऱ्या माणसाचा इको आधी काढायचा की फुंकण्याची तपासणी करायची की नुसतं हिमोग्लोबिन बघायचं, हे आजही ती हकिगतच ठरवते.

दम हे लक्षण ज्याचं त्यालाच कळतं. ताप थर्मामीटर सांगतो, साखर रक्ताच्या थेंबात कळते. ऑक्सिजन बोटाला लावलेल्या चिमट्यावर दिसतो, दम मात्र दिसत नाही. कोविडच्या लाटांत, २०२० आणि २०२१मध्ये, आकडा ८०च्या खाली गेलेला असताना फोनवर घरच्यांशी शांतपणे बोलणारे रुग्ण आपण पाहिले. उलट आकडा ९८ असूनही श्वास पुरत नाही म्हणून कासावीस झालेली माणसं रोज येतात, आणि त्यांचा त्रास खोटा नसतो. म्हणून दम किती आहे, कसा आहे, हे ज्याचं त्यालाच विचारावं लागतं.

पण विचारण्याआधी बघायचं. वैद्यकीय विद्यार्थ्यांनो, हे आधी ऐका. दारातून आलेला माणूस एका दमात पूर्ण वाक्य बोलतो का? दोन-दोन शब्दांवर थांबत असेल, गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकून बसला असेल, मानेच्या शिरा ताणल्या जात असतील, तर वही बाजूला ठेवा. त्याला बसतं ठेवा, आडवं करू नका. ऑक्सिजन लावा, उपचार सुरू करा. त्याला विचाराल ते मान हलवून उत्तर देता येईल असंच विचारा, कारण त्याच्याजवळचा श्वास त्याला जगण्यासाठी हवा आहे. बाकीचं सोबतच्या माणसाला बाजूला घेऊन विचारायचं. हे एकदम सुरू झालं का? छातीत दुखलं का? आधी कधी असं झालं होतं का? कुठलं औषध चालू आहे, कुठलं बंद केलं? अलीकडे ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण झालंय का, एकच पाय सुजलाय का? या शेवटच्या प्रश्नाने पायातल्या शिरेतली गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका येते, आणि ती शंका वेळेवर आली तरच माणूस वाचतो.

लहान मूल असेल तर आणखी एक प्रश्न, आणि तो आपल्या गावात विसरून चालणारच नाही. शेंगदाणा. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात शेंगा भाजल्या जातात, चटणी कुटली जाते, आणि रांगतं-धावतं पोर खाली सांडलेला दाणा उचलून तोंडात टाकतं. हसताना, रडताना, पळताना तो श्वासनळीत जातो. जोराचा ठसका लागतो, पाठीत थापट्या मारल्या जातात, पोर शांत होतं आणि घरचे विसरून जातात. मग आठवडाभराने, पंधरा दिवसांनी खोकला, घरघर, ताप. एक्स-रेत दाणा दिसत नाही. बाळदमा म्हणून औषधं सुरू होतात, थोडं बरं वाटतं, पुन्हा सुरू. हे चक्र एका प्रश्नाने तुटतं: "हे सगळं सुरू झालं त्या दिवशी बाळाला खाताना ठसका लागला होता का?" तो आईला विचारा, आजीला वेगळा विचारा, सांभाळणाऱ्या मोठ्या भावंडालाही विचारा, कारण बऱ्याचदा पाहिलेलं असतं त्यानेच. उत्तर होकारार्थी आलं तर दुर्बीण घालून दाणा काढता येतो.

आता तातडी नसलेल्या रुग्णाकडे येऊ, जो खुर्चीवर बसून बोलू शकतो.

पुस्तकात लिहिलेलं असतं, झोपताना किती उशा घेता ते विचारा. यामागे पक्कं शास्त्र आहे. हृदयाचा डावा भाग दुबळा झाला की आडवं पडल्यावर पायांतलं रक्त छातीकडे येतं, फुप्फुसं ओलसर होतात आणि श्वास कोंडतो. उशांची संख्या वाढत जाते ती त्यामुळे. पण आपल्याकडे कितीतरी माणसं जमिनीवर सतरंजी टाकून, चादरीची घडी डोक्याखाली घेऊन झोपतात. त्यांना उशा विचारल्या तर ती म्हणतील, "एक बी नाही." आणि केसपेपरवर लिहिलं जाईल की झोपताना त्रास नाही. तोच माणूस भिंतीला पाठ टेकून रात्र काढत असतो! म्हणून विचारायचं, "सपाट आडवं पडता येतं का? रात्र कशी काढता?" मग जाग कधी येते ते. झोप लागल्यावर एक-दोन तासांनी गुदमरून उठतो, दार उघडून अंगणात येऊन बसतो, थोड्या वेळाने बरं वाटतं, असं सांगणाऱ्याचं हृदय आधी तपासा. पहाटे तीन-चारच्या सुमारास खोकला, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, असं असेल तर दम्याकडे वळा. एक्स-रे दोघांचाही काढाल, पण कशासाठी काढताय हे माहीत असलं पाहिजे.

दिवसाचा दम मोजायलाही एक मोजपट्टी आहे. वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांची पाहणी चालू असताना गेल्या शतकाच्या मध्याला चार्ल्स फ्लेचर यांनी ती बसवली, आणि जगभर आजही तीच वापरतात. चढावर दम लागतो का? सपाटीवर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का? थोडं चालून थांबावं लागतं का? घराबाहेर पडणंच बंद झालंय का, कपडे घालतानाही धाप लागते का? मोजपट्टी उत्तम आहे, पण ती डोंगरातल्या गावांत तयार झाली. सोलापूर सपाट. शहराच्या पूर्व भागातल्या घरांत जिनाच नसेल तर दोन मजले चढताना काय होतं, या प्रश्नाला अर्थ काय? इथे पाण्याची घागर विचारावी, भरलेली बादली मोरीपर्यंत नेता का ते विचारावं. बाजारातून भाजीची पिशवी घेऊन येताना वाटेत कुठे टेकावं लागतं? अंघोळ करून अंग पुसताना थांबता का? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बरोबरच्या माणसांना "तुम्ही व्हा पुढं" म्हणता का?

आणि इथे मला आजच्या व्याख्यानातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. वर्षानुवर्षं वाढत गेलेला दम माणूस सांगत नाही, कारण तो त्याला जाणवतच नाही. दम लागेल असं प्रत्येक काम तो नकळत सोडून देतो. आधी सायकल सुटते. मग भावकीतल्या लग्नाला गावी जाणं सुटतं. मग देवळात जाणं, मग कट्ट्यावर जाऊन बसणं. शेवटी तो घरातल्या एका खोलीत येऊन ठेपतो, आणि तिथे त्याला दम लागत नाही. विचारलं तर मनापासून म्हणतो, त्रास नाही.

"आज्जी, चालताना दम लागतो का?"

"नाही बा."

"सिद्धेश्वराला कधी गेला होतात?"

"आता कुठलं जायचं? दोन वर्सं झाली की."

"का बरं?"

"होईना म्हणून सोडलं. वय झालं आता."

अशी उत्तरं आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज मिळतात. वय झालं या दोन शब्दांखाली झडप आवळलेली असते, फुप्फुसं फुगलेली असतात, रक्त आटलेलं असतं. म्हणून माझं सांगणं असं की दम लागतो का, एवढ्यावर थांबू नका. दोन वर्षांपूर्वी करत होता आणि आता करत नाही, असं काय काय आहे, ते विचारा. काय करायचं सोडलंत? या प्रश्नाला माणसं थांबतात, आठवतात, आणि मग खरं बोलायला लागतात. सोबत आलेली सून किंवा मुलगा तेव्हाच पहिल्यांदा वर बघतो, कारण त्यालाही ते तेव्हाच कळलेलं असतं.

आता कामाकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सोलापुरात बोलतोय.

इटलीतल्या मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. १७०० साली त्यांनी कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला काय काय विचारायचं हे हिपोक्रेटिसने सांगून ठेवलं होतं. रामाझ्झिनींनी त्यात एका प्रश्नाची भर घातली: तुमचा धंदा काय? गरिबाच्या घरी गेलात तर साध्या तिवईवर बसा आणि सावकाश विचारा, असंही त्यांनी लिहिलं. जवसासारख्या वनस्पतींचे धागे पिंजणाऱ्या लोकांचा खोकला त्यांनी तीनशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवला आहे.

पिंजणं म्हटल्यावर समोर बसलेल्या काही मंडळींच्या मनात गिरणीचा भोंगा वाजला असेल. १८७०च्या दशकात 'जुनी गिरणी' सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. या गिरण्यांनी हे शहर घडवलं. गिरणीत सगळीकडे सारखी धूळ नसते. कापसाच्या गाठी फोडून रुई मोकळी करतात त्या ब्लो रूममध्ये आणि पुढच्या कार्डिंग खात्यात ती सर्वांत जास्त. त्या धुळीत कापसाच्या बोंडाभोवतालच्या पाल्याचा चुरा असतो आणि त्यावर वाढणाऱ्या जीवाणूंचं विष असतं. त्याने होणाऱ्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. लँकेशायरच्या गिरण्यांत १९५०च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी त्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या मुख्यतः कामगारांना प्रश्न विचारून. कारण या रोगाची ओळख त्याच्या वारात आहे. आठवड्याची सुट्टी संपवून माणूस कामावर येतो, आणि त्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोकळं होतं. पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. काही वर्षांनी ते दुसऱ्या दिवशीही राहतं, मग आठवडाभर, आणि शेवटी काम सुटलं तरी जात नाही.

एक्स-रेत या रोगाची खास अशी खूण नसते. उशिराच्या टप्प्यात तो विडी-सिगारेटने होणाऱ्या जुनाट खोकल्यासारखाच दिसतो. म्हणजे त्या माणसाच्या आठवणीशिवाय निदानाला दुसरा आधारच नाही. आणि ती आठवण काढायला कसं विचारावं लागतं बघा.

"मामा, काय करता?"

"वॉचमन हाय."

इथे थांबलात तर संपलं. केसपेपरवर वॉचमन लिहिलं जाईल, आणि कधीकाळी विडी ओढत होता म्हणून दोष विडीच्या खात्यावर जाईल.

"त्याच्या आधी?"

"गिरणीत होतो. बंद पडली ना."

"कुठल्या खात्यात?"

"कार्डिंगला. पहिल्यांदा बदली, मग पर्मनंट."

"सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कसं वाटायचं?"

असं विचारल्यावर वयाची सत्तरी गाठलेला माणूसही पन्नास वर्षांपूर्वीची छाती आवळल्याची गोष्ट काल घडल्यासारखी सांगतो. ती त्याला आजवर कोणी विचारलेलीच नसते. तिथेही 'सोडलं' हा धागा सापडतो. धूळ सोसेना म्हणून खातं बदलून मागितलं होतं का, रात्रपाळी सोडली होती का, खाडे कुठल्या वारी व्हायचे, हे विचारा.

सुट्टीच्या वाराचा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो. रंगकामातल्या रसायनांनी, सायझिंगच्या पिठाने, वेल्डिंगच्या धुराने ज्यांना दमा होतो, त्यांचा नेम बहुधा उलटा असतो. आठवडा सरत जातो तसा त्रास वाढतो, सुट्टीत बरं वाटतं, गावी आठ दिवस राहून आलं की छाती मोकळी. म्हणून रुग्णाच्या कामाला सुट्टी कुठल्या वारी असते हे आधी विचारायचं, आणि मग त्या वाराच्या अलीकडे-पलीकडे काय होतं ते. आज आपल्या यंत्रमागांवर सूत तयार येतं. त्यामुळे जुन्या कार्डिंग खात्याइतकी धूळ तिथे नसते, हे मान्य केलं पाहिजे. पण टॉवेलचा रोवा हवेत उडतो, खिडक्या बंद असतात, आणि मागावर उभं राहणाऱ्याचा दिवस मोठा असतो. तिथल्या माणसालाही हे प्रश्न लागू आहेत. बिसिनोसिस हा कारखान्यांच्या कायद्याने सूचनीय, म्हणजे डॉक्टरांनी सरकारी अधिकाऱ्यांना लेखी कळवलाच पाहिजे असा आजार आहे. छोटे माग त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात हे खरं. पण जो रोग विचारलाच जात नाही तो कळवणार कोण?

शेतकरी आणि साखर कारखान्याचे कामगार आले तर बुरशी धरलेल्या उसाच्या भुशाशी, कडब्याशी, मळणीच्या धुळीशी काही संबंध आहे का विचारा. धुळीत काम केल्यावर चार ते आठ तासांनी थंडी-ताप आणि दम, दुसऱ्या दिवशी आराम, अशी गोष्ट फुप्फुसाच्या एका वेगळ्याच आजाराची असते. घराभोवतीच्या कबुतरांनीही तो होतो.

आता बायकांबद्दल. आपल्या केसपेपरवर स्त्रीच्या व्यवसायाच्या रकान्यात घरकाम लिहिण्याची पद्धत आहे. कुंभारीच्या गोदुताई परुळेकर वसाहतीतून, पूर्व भागातल्या गल्ल्यांतून बाई येते. ती पहाटेपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते. कारखान्याच्या ब्रँचमधून आणलेला तंबाखू घरातच पसरलेला, त्याची धूळ तिच्या नाकात आणि शेजारी झोपलेल्या बाळाच्याही. मजुरी हजार विड्यांवर ठरते, म्हणून ती जेवायलाही नीट उठत नाही. तिला धूम्रपान विचारलं की ती नाही म्हणते, आणि ते खरं असतं. पण तंबाखूत ती आयुष्यभर बसली आहे हे कुठेच लिहिलं जात नाही.

तिला चूल विचारा. किती वर्षं चूल पेटवली, स्वयंपाकघराला धुराडं होतं का, गॅस आल्यावरही अंघोळीचं पाणी कशावर तापतं? आयुष्यात एकही विडी न ओढलेल्या बायकांना फुप्फुसांचा जो आजार होतो, त्यामागे चुलीचा धूर आहे हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांच्यासारख्यांनी ठामपणे मांडलं. २००९ साली त्यांचा आणि पीटर बार्न्स यांचा त्यावरचा लेख लॅन्सेटमध्ये आला, तोवर जगभरची पाठ्यपुस्तकं हा आजार मुख्यतः सिगारेटचाच धरून चालत होती.

मग पाळी विचारा. किती दिवस जाते, किती अंगावर जाते, बाळंतपणं किती, मधलं अंतर किती. रक्त कमी असलेल्या बाईला फुप्फुस आणि हृदय दोन्ही धड असून दम लागतो. तरुण मुलगी असेल तर लहानपणी गुडघे-घोटे सुजून ताप आला होता का, हे तिच्या आईला विचारा. संधिवाताच्या त्या तापाने हृदयाची झडप आवळत जाते, आणि ते वर्षानुवर्षं कळत नाही. मग गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळजवळ दीडपट होतं, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात तिला अचानक दम लागतो. घरचे म्हणतात, पोटुशीला लागायचाच. लागतो, हेही खरं. पण आडवं पडल्यावर लागतो का, रात्री उठून बसावं लागतं का, खोकल्यात रक्त दिसलं का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तिला घरी पाठवू नये.

यात एक अडचण येते ती बोलण्याची. सोलापुरात माणूस मराठी बोलेल, कन्नड, तेलुगू, दखनी बोलेल. तेलुगूभाषक आजी आयासम म्हणेल, आणि तिचा नातू त्याचं थकवा असं भाषांतर करून देईल. दोन्हींत फरक किती पडतो! दमाची चौकशी फुप्फुसांकडे जाते, थकव्याची टॉनिककडे. शक्य तेवढं थेट विचारावं, चार शब्द शिकून घ्यावेत. याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि चिनी भाषा बोलायला-लिहायला शिकले. जखमी सैनिकांशी ते त्यांच्या भाषेत बोलत. बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच गेले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून आपण रोज जातो. परक्या देशाची भाषा त्यांनी रुग्णांसाठी आत्मसात केली. आपल्याला शेजारच्या गल्लीतली शिकायची आहे.

भाषा एकच असली तरी पुष्कळदा उत्तर देतो तो नवरा किंवा मुलगा. बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेजारून येतं. मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे की रक्तदाब घ्यायच्या निमित्ताने थोडा वेळ तिला एकटीला आत घ्या. सासरी काय चाललंय, घरात कोणी गेलंय का, झोप येते का, हे तिथेच कळतं. खोल श्वास मिळतच नाही, सारखे उसासे येतात, बोटांना मुंग्या येतात, असं सांगणाऱ्या माणसाच्या मनावरचं ओझं शोधावं लागतं. पण ते शोधायचं बाकीच्या शक्यता पडताळून झाल्यावर. मनाचं आहे असं म्हणून पहिल्याच भेटीत दार लावून घेऊ नये. आणि मनाचं निघालं तरी तो आजारच आहे, त्यावर उपचार आहेत.

औषधांबद्दल थोडक्यात. येताना सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या, रिकामी पाकिटंसुद्धा. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे काही थेंब, टिमोलॉलसारखे, दमा उसळवू शकतात, आणि डोळ्याचं औषध छातीच्या डॉक्टरांना सांगायचं असतं हे कोणाच्या ध्यानात येत नाही. सांधेदुखीच्या गोळ्यांनी हृदय दुबळं असलेल्याच्या अंगात पाणी साठतं. नाव नसलेल्या पुडीने फार लवकर आराम पडत असेल तर तीत स्टेरॉईड असू शकतं, तेही सांगा, आम्ही रागावणार नाही. आणि पंप घेतला की सुटत नाही, हा समज कृपा करून घरी ठेवून या. पंपातून औषध अगदी थोडं आणि थेट छातीत जातं. पूर्वी टीबी झाला होता, औषधं पूर्ण केली की मध्येच सोडली, हेही संकोच न करता सांगा. बरा झालेला टीबीसुद्धा फुप्फुसावर वण ठेवून जातो, आणि दम त्या वणांचा असू शकतो.

एवढं सगळं विचारायला वेळ कुठून आणायचा, असा प्रश्न तुमच्या चेहऱ्यांवर मला दिसतो आहे, विशेषतः सिव्हिलच्या ओपीडीत बसणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या. तो रास्त आहे. बाहेरची रांग मला माहीत आहे. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८व्या सेकंदाला डॉक्टरांनी त्याला तोडलं होतं. सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करू दिलेले रुग्ण एक चतुर्थांशही नव्हते. तोडलेला माणूस मग सर्वांत महत्त्वाचं वाक्य दाराशी जाऊन, उठता उठता सांगतो: "आणि डॉक्टर, रात्री जरा बसून राहावं लागतं." ते पहिल्या मिनिटात आलं असतं तर तुमचाच वेळ वाचला असता. पहिलं मिनिट रुग्णाला द्या. बाकी प्रश्न एकाच भेटीत संपले पाहिजेत असंही नाही. जुनाट दमाचा माणूस पुन्हा येणारच असतो. आज रात्रीचं विचारलंत, पुढच्या वेळी कामाचं विचारा, पण विचारलेलं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना ते पुढे नेता येईल.

आणि लिहिण्यावरून शेवटची एक मागणी. आपल्या शहरातल्या सगळ्या सरकारी, पालिकेच्या आणि खासगी दवाखान्यांच्या चालकांपुढे मी ती ठेवतो. खर्च फक्त छपाईचा आहे. केसपेपरवर व्यवसायाचा एकच रकाना असतो, तिथे तीन करा. आत्ता काय काम करता. आधी काय करत होता, कुठल्या खात्यात, किती वर्षं. आणि घरात बसून काय काम होतं, म्हणजे विड्या, शिलाई, टॉवेलाच्या दशा, जे असेल ते. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवरच्या कारकुनाने हे विचारलं तरी चालेल, डॉक्टरच हवा असं नाही. घरकाम हा शब्द त्या कागदावरून जाऊ द्या, आणि त्याच्या जागी ती बाई दिवसाला किती विड्या वळते आणि किती वर्षं वळते आहे, तो आकडा येऊ द्या. काही वर्षं हे कागद साठले की कुठल्या वस्तीतून, कुठल्या कामातून दमाची माणसं येतात हे आपल्याला बघता येईल. विद्यार्थ्यांपैकी कोणाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर तो इथे आहे. माझ्या वॉर्डातले जुने कागद मी द्यायला तयार आहे. आता प्रश्न असतील तर विचारा, मी थांबलो आहे.